‘किस्ला यूहा’ आणि ‘कढी’ : शब्दांचे नाते व पदार्थांचे नाते

(१) विषयप्रवेश

स्लोव्हेनियाच्या ईशान्येकडील स्टायरिया (स्लोव्हेन भाषेत ‘श्टायर्स्का’) या प्रांतात डुकराचे मांस व कंदमुळे यांपासून तयार होणारे एक आंबट सार प्रसिद्ध आहे. ‘किस्ला यूहा’ हे त्याचे नाव. ‘किस्ला’ म्हणजे आंबट आणि ‘यूहा’ म्हणजे सार, इतका या नावाचा अर्थ सरळ आहे. तथापि भाषाशास्त्राच्या अभ्यासकाला या दोन शब्दांत विशेष रस वाटण्यास कारण आहे. या दोन्ही शब्दांना संस्कृतात सजातीय शब्द आहेत, आणि त्यांपैकी एकाचा वंशज मराठी माणसाच्या ताटात जवळजवळ नित्य असतो. तो शब्द म्हणजे ‘कढी’.

हे विधान प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटेल. ‘किस्ला’ आणि ‘कढी’ यांत आद्य ‘क’कारावाचून उच्चाराचे साम्य नाही. उलट स्लोव्हेन भाषेत सिरक्याला ‘कीस’ म्हणतात आणि मराठीतही ‘कीस’ हा शब्द आहे. पण या दोन शब्दांचा परस्परांशी काडीमात्र संबंध नाही. जे सारखे दिसते ते सजातीय असतेच असे नाही, व जे सजातीय असते ते सारखे दिसेलच असेही नाही, हे तुलनात्मक भाषाशास्त्राचे पहिले सूत्र या उदाहरणाने चांगले स्पष्ट होते. परंतु त्याहून महत्त्वाचा प्रश्न पुढचा आहे. दोन भाषांतील पदार्थनामे एका धातूपासून निघाली, एवढ्यावरून ते पदार्थही एका मुळाचे ठरतात काय? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार केला आहे.

(२) पदार्थाचे स्वरूप

शब्दांचा विचार करण्यापूर्वी पदार्थाची ओळख करून घेणे आवश्यक आहे. स्लोव्हेनियाच्या ग्रामीण भागात हिवाळ्यात घरचे डुक्कर मारण्याचा प्रघात आहे. या कामाला व त्या निमित्ताने होणाऱ्या मेजवानीला ‘कोलीने’ म्हणतात. ‘क्लाती’ म्हणजे मारणे, कापणे, या क्रियापदापासून हा शब्द सिद्ध झाला आहे. शेजारीपाजारी मदतीला येतात, मांसाचे वाटे होतात, सॉसेजे भरली जातात, चरबी कढवून ठेवली जाते. यांतून जे भाग उरतात, म्हणजे खुरांकडील पाय, शेपटी, डोक्याचे मांस, त्यांचे सार करतात. तेच ‘किस्ला यूहा’ होय. अर्थात हा मुळात काटकसरीचा पदार्थ आहे. जनावराचा कोणताही भाग वाया जाऊ नये, ही त्यामागील दृष्टी आहे.

मांस थंड पाण्यात घालून कांदा, लसूण, तमालपत्राच्या जातीचे लॉरेलचे पान व मिरी यांसह मंद आचेवर दोन तास किंवा त्याहून अधिक वेळ शिजवितात. पायांच्या कातडीतील व स्नायुबंधांतील कोलॅजेन या द्रव्याचे दीर्घ शिजण्याने जिलेटिन बनते व रसाला चिकट दाटपणा येतो. मांस हाडांवरून सोडवून, बारीक चिरून पुन्हा रसात घालतात. गाजर, पार्स्लीची मुळे, सेलरीचा कंद व बटाट्याच्या फोडी त्यात शिजतात. मग चरबीवर परतलेले पीठ लावून, किंवा आंबट सायीत पीठ कालवून, सार दाट करतात. वासासाठी मार्जोरम ही मरव्याची जात वापरतात. शेवटी सिरका पडतो.

सिरका शेवटी घालण्यास कारण आहे. आम्लात बटाट्याच्या पेशींना जोडणारे पेक्टिन सहज विरघळत नाही; त्यामुळे आंबट रसात शिजविलेला बटाटा कितीही वेळ ठेवला तरी कडकच राहतो. चिंच आधी पडली की भाजी शिजत नाही, हा महाराष्ट्रातील गृहिणींचा अनुभव याच कारणाचा आहे. सिरक्याने चरबीचा ओशटपणाही मोडतो. म्हणूनच लग्नाच्या रात्री खाणेपिणे झाल्यावर पहाटेच्या सुमारास, अथवा नववर्षाच्या रात्रीनंतर, पाहुण्यांना हे सार वाढण्याची चाल आहे.

येथे एक भौगोलिक गोष्ट नोंदली पाहिजे. स्टायरिया हा हाब्सबुर्ग साम्राज्यातील एक प्रांत होता. पहिल्या महायुद्धानंतर १९१९ च्या सेंट जर्मेनच्या तहाने त्याचे दोन भाग झाले. उत्तरेचा जर्मनभाषी भाग ऑस्ट्रियाकडे राहिला व दक्षिणेचा स्लोव्हेनभाषी भाग सर्ब, क्रोएट व स्लोव्हेन यांच्या राज्यात गेला. १९९१ पासून तो स्वतंत्र स्लोव्हेनियात आहे. सीमेच्या उत्तरेस ऑस्ट्रियन स्टायरियातही जवळजवळ हेच सार होते. तेथे त्याला ‘क्लाख्लझुप्पे’ म्हणतात. पदार्थ एक, नावे दोन, आणि त्या नावांत काहीही समान नाही. पदार्थाचा प्रवास व शब्दाचा प्रवास या वेगळ्या गोष्टी आहेत, याचा हा पहिला पुरावा होय.

(३) ‘यूहा’

प्रथम नावातील सोपा शब्द घेऊ. ‘यूहा’तील ‘ह’चा उच्चार स्लोव्हेन भाषेत काहीसा खरखरीत, फारसीतील ‘ख़’च्या जवळचा होतो. प्राचीन स्लाव्ह भाषेतही हा ध्वनी ‘ख़’ असाच होता. संस्कृतातील सजातीय शब्द ‘यूष’ (वैदिक ‘यूषन्’) आणि लॅटिनमधील ‘यूस’. तिन्हींचा अर्थ मांस अगर धान्य शिजवून निघणारा रस असा आहे.

मूळ इंडो-युरोपियन ‘स्’चा एका भाषेत ‘ख़’, दुसरीत ‘ष्’ व तिसरीत ‘स्’ कसा राहिला, हे पाहण्यासारखे आहे. र्, उ, क् व इ या ध्वनींच्या पुढे येणारा ‘स्’ स्लाव्ह व भारत-इराणी या दोन्ही कुळांत बदलतो. संस्कृतात तो मूर्धन्य होतो. पाणिनीने षत्वविधानात याच परिस्थितीचे वर्णन केले आहे. स्लाव्ह भाषांत त्याचा ‘ख़’ होतो. लॅटिनमध्ये हा नियम नसल्याने ‘स्’ तसाच राहिला. ‘यूष’ व ‘यूहा’ यांतील भेद हा अशा रीतीने त्यांच्या नात्याला बाधक नसून त्या नात्याचा साधक पुरावा आहे. नियमित भेद हे सजातीयत्वाचे लक्षण असते; ओढूनताणून काढलेले साम्य हे नसते.

अर्थाच्या बाजूने या शब्दाचा इतिहास अधिक उद्बोधक आहे. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातील १६२ व्या, अश्वमेधविषयक सूक्तात मांस शिजविण्याच्या उखेचा आणि यूषन् ओतण्याच्या पात्रांचा एकत्र उल्लेख येतो. तेव्हा वेदकाळी हा शब्द मांसाच्या रसालाच लागत होता. पुढे आयुर्वेदात मांसाच्या रसाला ‘मांसरस’ हा शब्द रूढ झाला व ‘यूष’ हा मुख्यतः मूग, कुळीथ इत्यादी द्विदल धान्यांच्या कढणासाठी राहिला. स्लाव्ह भाषांतही असेच फाटे फुटले. रशियनमधील ‘उख़ा’ हा आज केवळ माशांच्या साराचा वाचक आहे. पोलिशमध्ये ‘यूखा’ म्हणजे जनावराचे रक्त. जर्मनांनी हा शब्द स्लाव्ह शेजाऱ्यांकडून उसना घेतला, आणि त्यांच्याकडे ‘याउखे’ म्हणजे शेणखताचे पाणी झाले. लॅटिन ‘यूस’ फ्रेंचमार्गे इंग्रजीत गेला व ‘ज्यूस’ झाला; तो इंग्रजीतून मराठीत आला. म्हणजे आजच्या मराठी वाक्यात वैद्याचा ‘यूष’ व दुकानातील ‘ज्यूस’ एकत्र आले, तर एकाच पूर्वजाचे दोन वंशज भिन्न वाटांनी येऊन भेटले असे म्हणता येईल.

स्वतः स्लोव्हेन बोलीत मात्र ‘यूहा’ला एक प्रतिस्पर्धी आहे. ग्रामीण व घरगुती बोलण्यात ‘झूपा’ हा शब्द ऐकू येतो. तो जर्मन ‘झुप्पे’वरून घेतलेला आहे. जर्मन शब्दाच्या आरंभीच्या ‘स’काराचा स्लोव्हेनमध्ये असा ‘झ’सारखा घर्षध्वनी होणे जुन्या ऋणशब्दांत नियमितपणे आढळते, साबणाचा जर्मन ‘झाइफे’ हा स्लोव्हेन बोलीत ‘झायफा’ झाला, तो याच रीतीने. जर्मनांनी ‘यूखा’ घेऊन तिचे खतपाणी केले व स्लोव्हेनांनी ‘झुप्पे’ घेऊन तिचे सार केले, अशी ही देवघेव आहे. व्हालेन्टिन व्होड्निक याने १७९९ मध्ये ‘कूहार्स्के बुक्वे’ हे स्लोव्हेन भाषेतील पहिले पाकशास्त्राचे पुस्तक प्रसिद्ध केले. त्याची सामग्री जर्मन पुस्तकांतून घेतलेली असली तरी स्वयंपाकघराला स्वभाषेतील शब्द मिळावेत, हा त्याचा एक प्रमुख हेतू होता. आज प्रमाण भाषेत ‘यूहा’ व बोलीत ‘झूपा’ अशी वाटणी स्थिर झाली आहे.

(४) ‘किस्ला’, ‘क्वथ्’ आणि ‘कढी’

आता मुख्य शब्दाकडे वळू. स्लोव्हेनमध्ये ‘किसेल’ (स्त्रीलिंगी ‘किस्ला’) म्हणजे आंबट; ‘कीस’ म्हणजे सिरका; ‘किस्लो झेल्ये’ म्हणजे आंबवलेली कोबी; ‘किस्लीना’ म्हणजे आम्ल; आणि प्राणवायूला ‘किसिक’ म्हणतात. याच कुळातील ‘क्वास’ हा शब्द स्लोव्हेनमध्ये खमिराचा वाचक आहे; रशियनमध्ये तो राय धान्याच्या पावापासून आंबवून केलेल्या पेयाचा आहे.

‘क्वास’ व ‘किस्-’ ही एकाच धातूची दोन रूपे आहेत. संस्कृतज्ञांना ही गोष्ट ‘संप्रसारण’ या संज्ञेने लगेच कळेल. ‘स्वप्’ व ‘सुप्त’, ‘वच्’ व ‘उक्त’ यांत जसा ‘व’ जाऊन ‘उ’ येतो, तसाच ‘क्वास’ व ‘कूस्’ यांतील संबंध आहे. यातील दीर्घ ‘ऊ’चा प्राचीन स्लाव्ह भाषेत एक मध्यम स्वर झाला व स्लोव्हेनमध्ये तो ‘इ’त मिळून गेला. अशा रीतीने ‘कूस्’चे ‘किस्’ झाले.

या धातूचा संस्कृतातील सजातीय ‘क्वथ्’ होय. ‘क्वथति’ म्हणजे उकळते, उकळून आटते. ‘क्वाथ’ व ‘क्वथित’ ही रूपे सर्वपरिचित आहेत. गॉथिक भाषेतील फेस येणे या अर्थाचा शब्दही याच कुळातला आहे, आणि चीज या अर्थाचा लॅटिन ‘कासेउस’ हा येथलाच असावा, असे अनेक विद्वान मानतात. येथे एक अडचण प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. संस्कृत ‘क्वथ्’मधील स्वर ऱ्हस्व आहे, तर स्लाव्ह ‘क्वास’मधील स्वर मूळ दीर्घ आहे. आधुनिक मत असे की, मूळ धातूत पुढे लोप पावलेला एक कंठ्यस्वरूपाचा व्यंजनध्वनी होता. तो स्लाव्ह पूर्वरूपात स्वरालगत होता, म्हणून स्वर दीर्घ झाला. भारतीय पूर्वरूपात तो ‘त्’नंतर होता, म्हणून ‘त्’चा महाप्राण ‘थ्’ झाला. या उपपत्तीने ‘थ्’ आणि दीर्घत्व या दोन्ही गोष्टींचा एकाच कारणाने उलगडा होतो, हे तिचे बल आहे.

संस्कृतातून मराठीकडे येताना ‘क्वथ्’चा ‘थ्’ अनपेक्षित वळण घेतो. दोन स्वरांमधील ‘थ्’चा प्राकृतात सामान्यतः ‘ह्’ होतो. ‘कथयति’चे ‘कहेइ’ होते. त्या नियमाने ‘क्वथति’चे ‘कहइ’ व्हावयास हवे होते. प्रत्यक्षात ‘कढइ’ झाले. म्हणजे ‘थ्’ मूर्धन्य झाला, जसा तो ‘प्रथम’च्या ‘पढम’ या रूपात होतो. बाराव्या शतकात हेमचंद्राने आपल्या प्राकृत व्याकरणात ‘क्वथ्’साठी ‘कढइ’ व ‘अट्टइ’ ही दोन्ही रूपे नोंदविली आहेत. पैकी ‘अट्टइ’ हे ‘क्वथ्’पासून निघालेले रूप नव्हे, तर त्या अर्थी वापरला जाणारा दुसरा धातू होय; मराठीतील ‘आटणे’ त्याची आठवण देते. ‘कढइ’पासून मात्र मराठीत मोठे कुटुंब वाढले : कढणे, कढविणे, कढ, कढत, कढण, ‘क्वाथ’पासून काढा, आणि ‘क्वथित’-‘कढिअ’ या क्रमाने कढी.

‘कढईत करतात म्हणून कढी’ अशी एक लोकव्युत्पत्ती ऐकण्यात येते. ती ग्राह्य नाही. ‘कढई’ ही ‘कटाह’ या पात्रवाचक शब्दापासून आली आहे. तिचा ‘क्वथ्’शी संबंध नाही. तसेच ‘काढणे’ हे क्रियापद ओढणे या अर्थाच्या निराळ्या प्राकृत धातूकडून आले आहे, ‘काढा’शी त्याचे केवळ ध्वनिसाम्य आहे. घरातील नेहमीच्या शब्दांतच असे फसवे सोबती अधिक आढळतात, याचे विद्यार्थ्यांनी भान ठेवावे.

अर्थाचा विकास असा दिसतो. मूळ धातूचा अर्थ खळबळणे, बुडबुडे येणे, फेसाळणे हा असावा. द्रवात बुडबुडे दोन प्रकारांनी येतात. चुलीवर ठेवल्याने, किंवा चुलीशिवाय आपोआप आंबल्याने. भारतीय शाखेने पहिला प्रकार धरला व धातूचा अर्थ उकळणे असा स्थिरावला. स्लाव्ह शाखेने दुसरा धरला. आंबण्याच्या क्रियेवरून आंबवणाऱ्या द्रव्याला व त्या क्रियेतून येणाऱ्या चवीला ते नाव मिळाले. परिणामी एक लक्षणीय व्यत्यास घडला. कढी आंबट असते, पण तिचे नाव उकळण्याचे आहे. किस्ला यूहा उकळलेली असते, पण तिचे नाव आंबण्याचे आहे. आणि स्टायरियाच्या सारात तर आंबवण्याची क्रिया भांड्यात मुळीच होत नाही. आंबटपणा बाहेरून, सिरक्याच्या रूपाने येतो. ‘किस्ला’ हा शब्द तेथे केवळ चवीचा वाचक उरला आहे. उलट त्याच कुळातील पोलिश ‘क्वाश्नित्सा’ हे सार खरोखरीच आंबवलेल्या कोबीचे असते.

(५) शब्दांचे थर

‘किस्ला यूहा’ या नावातील दोन्ही शब्द वारशाने आलेले आहेत. तिच्या घटकांची नावे पाहिली तर मात्र निरनिराळ्या काळांचे थर दिसतात.

सर्वांत खालचा थर वारशाचा. मांसाला स्लोव्हेनमध्ये ‘मेसो’ म्हणतात. प्राचीन स्लाव्हमध्ये त्यातील स्वर अनुनासिक होता, पोलिशमध्ये अजूनही त्याची अनुनासिकता टिकून आहे, व संस्कृत ‘मांस’ हा त्याचा उघड सजातीय आहे. पायाला ‘नोगा’ म्हणतात. लिथुएनियन भाषेत तोच शब्द खुराचा वाचक आहे व संस्कृतात ‘नख’ आहे. म्हणजे डुकराच्या खुरांच्या सारात हा शब्द आपल्या जुन्या अर्थाच्या फार जवळ आला आहे. अग्नीला ‘ओगेन्य’ म्हणतात. चरबीवर परतून सारास लावलेल्या पिठाला ‘प्रेझ्गान्ये’ म्हणतात. त्यातील जाळणे या अर्थाचा धातू संस्कृत ‘दह्’चा सजातीय असून, आरंभीचा ‘द्’ पुढील कंठ्य वर्णाच्या प्रभावाने बदलला असे मानले जाते. व्याकरणाच्या बाजूनेही स्लोव्हेनने एक प्राचीन गोष्ट जपली आहे, ती म्हणजे द्विवचन. साराचे दोन वाडगे मागवावयाचे झाल्यास ‘द्वे किस्ली यूही’ असे म्हणावे लागते. ‘द्वे’ हे रूप संस्कृताच्या विद्यार्थ्याला ओळखण्यास क्षणही लागणार नाही.

त्यावरचा थर लॅटिन व जर्मन ऋणशब्दांचा. कांदा ‘चेबूला’ व लॉरेल ‘लोवोर’ यांची मुळे लॅटिनमध्ये आहेत. पार्स्लीचा ‘पेतेर्शिल्य’ जर्मनकडून आला. सिरक्याला ‘कीस’बरोबरच बोलीत ‘येसिह’ हा शब्द आहे. तोही जुन्या जर्मनचा. बटाट्याचा ‘क्रोम्पीर’ हा बोली जर्मनमधील ‘भुईतले नासपती’ अशा अर्थाच्या समासापासून बनला. बटाटा या प्रदेशात मारिया तेरेझाच्या राजवटीत (१७४०–१७८०) पसरू लागला. तेव्हा आजच्या स्वरूपातील किस्ला यूहा त्यापूर्वीची असू शकत नाही. नाव हजारो वर्षांच्या शब्दांचे, पण पदार्थ अडीचशे वर्षांच्या आतला, असा हा प्रकार आहे.

एका घटकाचे नाव मात्र भारतातून गेलेले आहे. मिरीला स्लोव्हेनमध्ये ‘पोपेर’ म्हणतात. हा शब्द लॅटिन ‘पिपेर’कडून, तो ग्रीक ‘पेपेरी’कडून, व तो भारतीय ‘पिप्पली’कडून आला. पिप्पली म्हणजे पिंपळी. परंतु व्यापारात पिंपळीची जागा काळ्या मिरीने घेतली व नाव तिला चिकटले. पुढे अमेरिकेतून मिरचीची वनस्पती आली, तेव्हा दक्षिण स्लाव्हांनी मिरीच्याच नावाला प्रत्यय लावून तिला ‘पाप्रिका’ म्हटले. मराठीनेही तेच केले. ‘मरिच’पासून मिरी होतीच, नव्या तिखट फळाला ‘मिरची’ हे नाव त्याच शब्दकुळातून मिळाले. ‘यूष’ व ‘यूहा’ हे रक्ताचे नाते, ‘पिप्पली’ व ‘पोपेर’ हे व्यवहाराचे नाते, आणि ‘पाप्रिका’ व ‘मिरची’ यांत कोणतेही नाते नसून केवळ समान गरजेतून निघालेली समान युक्ती. साम्याचे हे तीन प्रकार एकाच भांड्यात पाहावयास मिळतात.

स्लाव्ह व्युत्पत्तिशास्त्राचा पाया घालणाऱ्यांपैकी फ्रान मिक्लोशिच (१८१३–१८९१) हा याच स्टायरियातील ल्युतोमेरजवळचा. व्हिएन्ना विद्यापीठात त्याने स्लाव्ह भाषांचे अध्यापन केले व १८८६ मध्ये स्लाव्ह भाषांचा व्युत्पत्तिकोश प्रसिद्ध केला. विसाव्या शतकात फ्रान्से बेझ्लाय याने स्लोव्हेनच्या व्युत्पत्तिकोशाचे काम हाती घेतले. त्याचा पहिला खंड १९७६ मध्ये निघाला. भारतीय बाजूने राल्फ टर्नर याचा भारतीय आर्यभाषांचा तुलनात्मक कोश १९६२ ते १९६६ या काळात पूर्ण झाला. दोन्ही बाजूंचे असे कोश हाताशी असल्यामुळेच ‘किस्ला’ व ‘कढी’ यांची सांगड आज खात्रीने घालता येते.

(६) पदार्थांचे नाते

आता आरंभी उपस्थित केलेल्या प्रश्नाकडे वळू. कढी व किस्ला यूहा यांत पदार्थ म्हणूनही एक साम्य आहे, आणि ते वरवरचे नाही. आंबट साय किंवा ताक तापविले की फुटते. स्टायरियाची गृहिणी सायीत गव्हाचे पीठ कालवून मग ती सारात घालते. महाराष्ट्राची गृहिणी ताकात बेसन कालवून मग ते चुलीवर ठेवते. दोघींच्याही कृतीचा हेतू एकच, पिठातील पिष्ट दुधातील प्रथिनांना एकत्र गोळा होऊ देत नाही व द्रव एकजीव राहतो.

या साम्यावरून, आणि नावे एका धातूची आहेत एवढ्यावरून, एखाद्या मूळ ‘आर्य कढी’ची कल्पना करण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. असा मोह टाळलाच पाहिजे. पहिली गोष्ट, ज्या शब्दांत धातुसाम्य आहे त्यांचे अर्थ वेगळे आहेत. ‘कढी’ हे पदार्थाचे नाव आहे, ‘किस्ला’ हे चवीचे विशेषण आहे; मूळ भाषेत या धातूपासून बनलेले साराचे नाव होते, असे कोणताही पुरावा सांगत नाही. दुसरी गोष्ट, पीठ लावण्याची युक्ती ही द्रव्यांच्या स्वभावातून येते. जेथे जेथे आंबट दुग्धपदार्थ तापवावा लागतो तेथे तेथे ती सुचण्यासारखी आहे. तिला वारशाची आवश्यकता नाही. तिसरी गोष्ट, क्लाख्लझुप्पेच्या उदाहरणावरून दिसते की, एकच पदार्थ परस्परांशी असंबद्ध नावांनी दोन भाषांत सुखाने नांदतो. मग असंबद्ध पदार्थ एका मुळाच्या नावांनी नांदले तर नवल नाही.

तुलनेने मूळ भाषेबद्दल निश्चित असे काय हाती लागते? शिजविलेल्या पदार्थाच्या रसाला एक नाव होते, मांसाला एक नाव होते, अग्नीला एक नाव होते, व द्रवाच्या खळबळण्याला एक धातू होता. एवढ्यावरून ते लोक मांस शिजवून त्याचा रस पीत असत, असे अनुमान काढता येईल, आणि ऋग्वेदातील उल्लेख त्याला पोषक आहे. त्यांच्या रसाची चव कशी होती, त्यात काय पडत होते, हे शब्द सांगत नाहीत. पुनर्रचना ही शब्दांची होते. पाककृतीची होत नाही. व्युत्पत्तीच्या आधारे संस्कृतींचे वंशवृक्ष उभे करण्याची हौस ज्यांना असते त्यांनी ही मर्यादा ओळखावी, कारण ती ओलांडल्यावर व्युत्पत्ती हे शास्त्र राहत नाही.

(७) उपसंहार : सोलकढीची साक्ष

धातू खळबळण्याचा, आणि शब्द मात्र आंबट चवीचा, हा स्लाव्ह भाषांतील अर्थबदल प्रागैतिहासिक आहे. तो घडताना कोणी पाहिलेला नाही. परंतु त्याच धातूच्या मराठी वंशजात तसाच बदल आज डोळ्यांसमोर आहे. कोकणात व गोव्यात कोकमाची सोले भिजवून त्यांचा आगळ नारळाच्या दुधात मिसळतात व त्याला ‘सोलकढी’ म्हणतात. ही कढी सामान्यतः कढवीत नाहीत. जोराचा कढ आल्यास नारळाचे दूध फुटेल. म्हणजे ‘न कढवलेली कढी’ असा वदतोव्याघात या शब्दात व्युत्पत्तीच्या दृष्टीने आहे. पण बोलणाऱ्याला तो जाणवत नाही. कारण त्याच्या मनात ‘कढी’ म्हणजे उकळलेले काही नसून, भाताबरोबर घ्यावयाचे आंबट पातळ पेय असा अर्थ रुजला आहे. क्रियेचा अर्थ गळून चवीचा अर्थ राहिला आहे.

हा बदल स्लाव्ह बदलाशी वंशाने जोडलेला नाही. तो मराठी व कोकणी यांत स्वतंत्रपणे झाला आहे. त्याची वाटही निराळी आहे. स्लाव्हांकडे आंबण्याच्या क्रियेतून चव आली, कोकणात आंबट पदार्थाच्या नावातून चव आली. तरी दोन्ही वाटा एका ठिकाणी पोचल्या : एके काळी खळबळण्याचा वाचक असलेला शब्द, विस्तव असो वा नसो, आंबटपणाचा वाचक झाला. या अर्थाने पाहिले तर ‘किस्ला यूहा’ या नावाला मराठीत सर्वांत जवळची कढी ताकाची नव्हे, सोलांची होय. भाषेचा प्राचीन इतिहास समजण्यासाठी जुन्या ग्रंथांइतकाच आजच्या स्वयंपाकघरातील शब्दही उपयोगी पडतो, आणि बोलींतील पदार्थनामांचा पद्धतशीर संग्रह करण्याचे काम पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी हाती घेण्यास हे एकच उदाहरण पुरेसे प्रयोजन आहे.